खिशावरची खूण

४ सप्टेंबर

कंपनीने एक वही दिली आहे. तिच्यात रोज एक ओळ लिहायची, पँट किती तास घातली आणि काय काम केलं. आजची ओळ लिहून झाली. पण माझं एका ओळीत कधी भागलंय? म्हणून ही दुसरी वही, आणि ही कुणाच्या बापाला दाखवायची नाही.

झालं असं की डिझायनर बाई आज तीन कोऱ्या जीन्स घेऊन आमच्या घासाई खात्यात आल्या. कोऱ्या म्हणजे अगदी कोऱ्या. मागावरून कापड आलं, शिवलं, आणि पाण्याचा थेंब लागलेला नाही. म्हणाल्या, "सहा महिने रोज घालायची आणि एकदाही धुवायची नाही. अंगाला जिथे जिथे घासेल तिथला निळा रंग उडतो, तीच खरी खूण. पहिली धुलाई आमच्या लॅबमध्ये होईल. ज्याची सगळ्यात छान उतरेल, तिची नक्कल पुढच्या हंगामात काढायची. आणि त्या माणसाला सॅम्पल रूममध्ये घ्यायचं."

सॅम्पल रूम वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या खिडक्या उघडतात आणि टेबलावर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ राहतं. एकोणीस वर्षांत मी दोनदा तिथे गेले, दोन्ही वेळा चहाचे कप पोचवायला.

पहिला हात कटिंग मास्तरांनी वर केला. दुसरा वॉचमनने, कारण त्याला वाटलं पँट फुकट वाटताहेत. तिसरा मी केला. मॅनेजर हसला. "बाई, तुम्ही? जन्मात कधी पँट घातली आहे का?"

"घातली नाही," मी म्हटलं, "पण एकोणीस वर्षं नव्याच्या जुन्या करते आहे."

खोटं नाही ते. हवा भरलेल्या रबरी पायांवर नवी जीन्स चढवायची आणि काचपेपरने मांड्या, गुडघे घासून ती जुनी करायची, हे आमचं काम. जांघेपाशी बसून बसून ज्या आडव्या रेघा पडतात, त्यांना आम्ही मिशा म्हणतो. चार मिनिटांत मी पँटचं वय दहा वर्षांनी वाढवते. आता बघते, खरं वय चढायला किती वेळ लागतो.

५ सप्टेंबर

घातली. पँट कसली, पत्रा आहे नुसता. खाली बसले तर ती बसायला तयार नाही. उतरवून कोपऱ्यात ठेवली तर आपल्या पायांवर उभी राहिली, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी.

नवरा बसची ड्युटी संपवून आला, दारातच थांबला, हसला आणि मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. सासूबाई काही हसल्या नाहीत. चष्मा चढवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "सहा महिने धुवायची नाही म्हणजे काय? माणसं राहतात ना या घरात?"

"आई, तोच तर नियम आहे."

"नियम करणारी तुझ्या शेजारी झोपणार आहे का?"

पण एक गोष्ट मानली पाहिजे, पँटला खिसे आहेत. जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगावरच्या कपड्याला खिसा आहे, तोही असा खोल. डॉक्टरांनी गेल्या वर्षी दिलेला पंप मी आजवर डब्याच्या पिशवीत तळाशी लपवत असे. आता तो उजव्या खिशात बसतो. तोंडात धरून एकदा दाबला की श्वास मोकळा. धुळीचा त्रास कुणाकुणाला असतो, त्यात विशेष काही नाही. फक्त खात्यात कुणाला कळता कामा नये. मागे एक जण फार खोकायची, तिला 'जरा आराम करा' म्हणून घरी पाठवलं ते आजतागायत बोलावलं नाही. घरीही मी सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१८ सप्टेंबर

सगळं घर निळं होत चाललं आहे. चादर निळी, स्वयंपाकघरातलं स्टूल निळं, माझे हात निळे. नवऱ्याच्या बसमध्ये बसले तर सीटवर ठसा उमटला, तो म्हणाला, "आता तरी तिकीट काढ, पुरावा राहिलाय."

सासूबाईंनी आज माझी पँट उचलून बाहेर गॅलरीत नेऊन टांगली. वर झाडूच्या दांड्याने बडवली. ढगभर धूळ निघाली म्हणतात. शेजारच्या बाईने विचारलंही, काय झालं म्हणून. मला इतका राग आला. सून म्हणून घरात ठेवलं, तर तिची पँट तरी घरात राहू द्या. मी ती आत आणली, उद्या त्या पुन्हा बाहेर नेणार.

९ ऑक्टोबर

मांडीवर चहा सांडला. दुसरी कुणी असती तर नळाखाली धरली असती. मी ओलं फडकं घेऊन तेवढाच डाग टिपला. चोळला नाही, कारण चोळलं की तिथला रंग आधी उडतो आणि खूण खोटी ठरते. मग पँट उलटी करून सावलीत वाऱ्याला लावली. उन्हात घातली की रंग सगळीकडून मरतो. वास येतो म्हणतात, तो वाऱ्याने जातो. वासाचं एवढं कौतुक माणसाला का असतं, मला कळत नाही.

सासूबाई साबणाची वडी घेऊन मागे उभ्या होत्या. "नुसती खळबळून देते गं."

"नाही."

"थंड पाण्यात."

"आई, नाही."

वडी त्यांनी बाथरूमच्या खिडकीत ठेवली आहे. नवी कोरी, कागदात गुंडाळलेली. वाट बघते आहे माझ्या पँटची.

२१ नोव्हेंबर

आज मिशा उगवल्या. उजव्या जांघेवर तीन, डाव्या जांघेवर दोन, आणि त्यातली एक अर्ध्यात मोडलेली. मी आरशासमोर उभी राहून मोठ्यांदा हसले.

एकोणीस वर्षं आम्ही दोन्ही बाजूंना मोजून चार-चार रेघा घासतो, मापात. कुणाचं अंग असं मोजून वाकतं? मी डावीकडे कमी वाकते कारण डावा गुडघा दुखतो. उजव्या मांडीवर एक फिकट पट्टा आहे, तिथे मी काचपेपरचा हात पुसते, दिवसातून पाचशे वेळा. मला माहीतच नव्हतं. पँटला माहीत होतं.

बडबडीला दाखवलं. माझ्या शेजारच्या टेबलावरची ही बाई मुकी झाली तर कंपनी सुट्टी देईल असं आम्ही म्हणायचो. तिने हात फिरवून पाहिलं, म्हणाली, "छान आहे," आणि पुन्हा कामाला लागली. बस एवढंच. हल्ली फार बोलत नाही. घरी काही बिनसलं असेल.

१४ डिसेंबर

आज भांडण. मी बाजारातून आले तर बाथरूममध्ये बादली भरलेली, साबणाचा कागद फाडलेला आणि पँट सासूबाईंच्या हातात. आणखी अर्ध्या मिनिटाने सव्वातीन महिने पाण्यात गेले असते. मी ओढली. त्यांनी सोडली नाही. एक पाय त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, अशा आम्ही दोघी उभ्या.

"ती धूळ तू अंगावर घेऊन येतेस," त्या म्हणाल्या, "घालून जेवतेस, घालून बसतेस. छातीशी धरून हिंडतेस तिला."

"तुमची फरशी मी पुसते ना रोज? मग तुम्हाला काय त्रास?"

त्यांनी पँट सोडली. मला वाटलं जिंकले.

आणि या घराचे नखरे तरी किती. गेल्या आठवड्यापासून त्यांना माझी खाट खिडकीपाशी हवी आहे. कारण काय, तर त्यांना उकडतं. थंडी पडली आहे, स्वतः दोन पांघरुणं घेतात, आणि म्हणे उकडतं. रोज संध्याकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळून वाफ घेतात. स्वतःला सर्दी नाही, पण घेतात. मग पातेलं माझ्यापुढे सरकवतात, "आता गरम आहेच तर घे, गॅस वाया का घालवायचा?" म्हातारपणी माणूस कशात जीव रमवेल, सांगता येत नाही.

६ जानेवारी

कटिंग मास्तर जेवणाच्या सुट्टीत पँट मिरवत आले. गुडघे सुंदर फिकट, मिशा रेखीव. सगळ्या वा वा करत होत्या. मी वाकून नीट पाहिलं. सगळे ओरखडे वरून खाली, एकाच दिशेने. चालणाऱ्या माणसाचा गुडघा मागे-पुढे घासतो, एकाच दिशेने फक्त काचपेपर जातो. बाहेरचा कुणी फसला असता, पण मास्तरांनी चोरी केली ती नेमकी आमच्या गल्लीत.

बाजूला घेऊन म्हटलं, "मास्तर, कितीचा पेपर वापरलात? बारीक घ्यायला हवा होता."

ते लाल झाले. "तू सांगणार का वर?"

"मला काय पडलंय? पँट सांगेल."

दुपारी कळलं, त्यांच्या बायकोने चुकून धुतली म्हणून त्यांनी नाव मागे घेतलं. बायकोच्या माथी मारलं, हे मात्र मला आवडलं नाही. आता मी आणि वॉचमन.

खोटं कशाला बोलू, मोह मलाही झाला होता. डावा गुडघा अजून गडद आहे. हातात काचपेपर, मांडीवर पँट, चार मिनिटांचं काम. पण मी माझ्याच गुडघ्याला फसवणार नाही.

२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीआधी दोनदा पंप घेतला, संडासात जाऊन. नव्या ऑर्डरमुळे धूळ जास्त आहे, एवढंच. कंपनीच्या वहीत लिहिलं: नऊ तास. उभी राहिले, वाकले, चालले.

४ मार्च

माझी पँट निवडली.

टेबलावर दोन्ही पसरल्या. वॉचमनची पँट बुडावर पांढरी आणि बाकी सगळी कोरी, कारण तो गृहस्थ सहा महिने खुर्चीतून उठलेला नाही. डिझायनर बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मग माझी घेतली. बोटांनी एकेक रेघ चाचपत गेल्या. "काकू, हे कुणाला मुद्दाम करताच येणार नाही," म्हणाल्या. मॅनेजर मान हलवत होता, जणू पँट त्यानेच घातली होती.

मग त्या उजव्या खिशापाशी थांबल्या. तिथे एक फिकट खूण उठली आहे, कोपरात वाकवलेल्या हातासारखी. वर जाड, खाली आखूड. "हे काय ठेवत होतात तुम्ही?"

"किल्ली," मी म्हटलं.

"केवढी किल्ली! पण काय सुंदर आकार आलाय. हा तर घ्यायचाच. चाळीस हजार नगांवर हीच आपली ओळख." त्यांनी खडूने त्याची कडा गिरवली आणि फोटो काढले. पँट रीतसर पुढच्या शनिवारी ताब्यात द्यायची आणि त्यानंतरच्या सोमवारपासून मी सॅम्पल रूममध्ये. तोवर त्या फोटोवरून मी दहा नमुने घासून ठेवायचे.

घरी येताना मी जिना न थांबता चढले. दुसऱ्या मजल्यावर थांबले, पण ते मुद्दाम.

५ मार्च, रविवार

सासूबाईंना खूण दाखवली, खडूची कडा तशीच होती. म्हटलं, बघा, तुम्ही बुडवणार होतात ती पँट. चाळीस हजार लोक घालणार.

त्यांनी चष्मा चढवला. बोट खडूवरून फिरवलं. "हा तर तुझा पंप."

मी म्हटलं, "कसला पंप?"

"तुझ्या उशाशी रोज सकाळी फुस्स वाजतं ते काय फुगा आहे? डब्याच्या पिशवीत होता तेव्हापासून माहीत आहे मला. पिशवी कोण धुतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले. सून आहेस, चोर नाहीस. झडती कशी घेऊ?" मग पँटची घडी घालत म्हणाल्या, "चाळीस हजार लोकांच्या मांडीवर तुझा दमा. मोठं नाव काढलंस."

मी उठून गॅलरीत गेले. मला रडू आलं आणि रडताना खोकला आला आणि खोकताना राग आला. कुणाचा ते ठरवता येईना. दमा हा शब्द या घरात आज पहिल्यांदा उच्चारला गेला.

७ मार्च

पहिला नमुना घासायला घेतला. मिशा झाल्या, गुडघे झाले. मग खिसा. कडा उठाव्यात म्हणून तिथे फार वेळ घासावं लागतं, तोंड जवळ न्यावं लागतं. धूळ उडत होती आणि मी माझाच पंप कापडावर घासून काढत होते. अर्ध्यात श्वास अडकला. संडासापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, खिशात हात घातला, पंप काढला आणि घेतला.

खातं थांबलं. मी पंप त्या खुणेवर ठेवला. बरोबर बसला, कोपऱ्याला कोपरा. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

मग बडबडी आपल्या डब्याच्या पिशवीकडे वळली, तळाशी हात घातला आणि एक निळा पंप माझ्या पंपाशेजारी ठेवला. मग पलीकडच्या टेबलावरची आली. मग आणखी दोघी. नऊ टेबलं, पाच पंप. पाच जणी एकाच संडासात जात होतो आणि एकमेकींना 'पोट बिघडलंय' म्हणून सांगत होतो.

"बाई, हे काय चाललंय?" मॅनेजर आला.

मी काचपेपर खाली ठेवला. "टेबलावर धूळ ओढणारे पाइप लावा. नऊच्या नऊ टेबलांवर. तोवर हात हलणार नाहीत."

त्याने मला बाजूला घेतलं, आवाज मऊ केला. "तुम्ही कशाला यात पडता? तुम्ही तर वर चाललात. पँट आजच देऊन टाका, उद्यापासून वर बसा. तिथे धूळ नाही."

"पँट माझ्या अंगावर आहे," मी म्हटलं. "घ्या काढून."

तो दोन पावलं मागे सरकला. बडबडी सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली.

९ मार्च

तिसरा दिवस. आम्ही नऊ जणी फाटकापाशी बसून आहोत. वॉचमनने स्वतःची खुर्ची मला दिली आणि आपण उभा राहिला, हे त्याच्या पँटच्या दृष्टीने मोठं बलिदान आहे. नवरा बस फाटकासमोरून नेताना दोनदा हॉर्न वाजवतो. कशासाठी विचारलं तर म्हणतो, वळण आहे. वळणबिळण काही नाही तिथे.

डिझायनर बाई बाहेर आल्या. डोळे सुजलेले होते. "काकू, तुम्ही किल्ली म्हणालात."

"तुम्ही आकार विचारलात. कशामुळे आला, ते विचारलं नाहीत."

त्या म्हणाल्या, "मी ती खूण डिझाइनमधून काढते. लगेच."

"खूण काढून काय होणार? खूण ठेवा, धूळ काढा."

माल परदेशी नेणारं जहाज ठरलेल्या तारखेला सुटतं, हे मॅनेजरला ठाऊक आहे आणि आम्हालाही. नाक दाबलं की तोंड उघडतं. आमची नाकं एकोणीस वर्षं दाबलेली आहेत, आता त्याची पाळी.

१० मार्च

तोंड उघडलं, पण अर्धं. चार टेबलांवर पाइप बसले. पाच 'पुढच्या महिन्यात'. मॅनेजर म्हणाला, आता तरी सगळ्या कामाला लागा. आम्ही लागलो, पण चारच टेबलांवर, पाळीपाळीने. पाच टेबलं रिकामी. काम निम्म्याहून कमी होतं आणि तो घड्याळ बघत फिरतो.

जाताना मला म्हणाला, "उद्या शनिवार आहे. पँट आणा, न धुतलेली. मी शब्द पाळतो, सॅम्पल रूम तुमचीच. पण वर गेल्यावर खालच्या भानगडीत पडायचं नाही."

सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, जा वर, तुझा जीव वाचव. त्या म्हणाल्या, "तुझी छाती तुझी आहे. मी फक्त पाणी गरम करू शकते." आणि पातेलं चढवलं. पहिल्यांदा मी त्यांच्याआधी वाफ घेतली.

११ मार्च, शनिवार

सकाळी बाथरूममध्ये बादली भरली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, खिडकीतली साबणाची वडी हातात.

"साबण नाही," मी म्हटलं. "गार पाणी. पँट उलटी करायची, सपाट बुडवायची, तासभर हात लावायचा नाही. पिळायची तर नाहीच."

"सहा महिने थांबले," त्या म्हणाल्या, "आणि साबण नाही?"

"नाही."

त्यांनी वडी परत खिडकीत ठेवली, बाह्या वर केल्या आणि माझ्या हातातून पँट घेतली. मी घेऊ दिली. त्यांनीच बुडवली, दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला आंघोळ घालावी तशी. पाणी आधी निळं झालं, मग काळं. आम्ही दोघी स्टुलांवर बसून तासभर ते पाणी बघत होतो. त्या म्हणाल्या, "एवढं सगळं तू आत घेत होतीस." मी म्हटलं, "हो, आई." वाद घातला नाही.

सावलीत दोरीवर टांगली. वाळल्यावर मिशा उजळल्या, गुडघा उजळला, आणि खिशावरचा पंप तर असा उठून आला की समोरच्या गॅलरीतूनही दिसावा.

आता ती कंपनीच्या कामाची राहिली नाही, मॅनेजरला फोनवर तसं कळवलं. त्यांच्याकडे तिचे फोटो आहेत, पण डिझायनर बाईंनी ते पुसले म्हणतात. खरं-खोटं बाजारात येणारी पँट सांगेल. नक्कल वॉचमनच्या पँटची निघणार आहे. त्याला सॅम्पल रूम मिळाली, सोमवारपासून तो तिथल्या दाराशी खुर्ची टाकून बसेल. आणि आम्ही नऊ जणी चार टेबलांवर चाळीस हजार वेळा त्याचं बूड घासणार. बडबडी निरोप पाठवते आहे की तिला आत्तापासूनच बोलायला पुष्कळ सुचतंय.

मंगळवारी छातीचा फोटो काढायचा आहे. सासूबाई बरोबर येणार म्हणतात, डॉक्टरांना मी खरं सांगणार नाही अशी त्यांना खात्री आहे.

सोमवारी हीच पँट घालून जाईन. पाच टेबलांना पाइप लागेपर्यंत रोज हीच, आणि पंप त्याच खिशात.

कंपनीची वही परत करायची आहे. तिच्यात शेवटची ओळ लिहिली: आज धुतली. घरी, आमच्या बादलीत, माझ्या सासूने.